मालक जेवून गेले

माणसानं आपल्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचं मनात आणलं, तर त्यात सुरतेतल्या अख्ख्या डिंडोलीनं लक्ष घालायचं काय कारण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वरचा मजला म्हणजे तरी काय? एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायला गच्चीचा तुकडा. प्लेग येऊन गेला, पळालेली माणसं परत आली, सुरत झाडून-पुसून लख्ख झाली आणि जागेला एकदम मागणी आली. आमची अनुसया म्हणाली, "वरं नुसती धूळ पडी ऱ्हायनी, देई टाका ना कोनले." आम्ही खानदेशातले. ती घरात अहिराणी बोलते आणि मी तिला शुद्ध मराठीत उत्तर देतो, कारण मी साड्या छापायच्या मिलमध्ये हेडक्लार्क आहे आणि हुद्द्याला शोभेल असं बोलावं लागतं. मी म्हणालो, "विचाराधीन आहे."

हे वाक्य शेजारच्या सरलाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं असावं, कारण चहा व्हायच्या आत त्या हजर. "गुजरात्याला द्या, भाडं वेळेवर देतो," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण गुजरात्याला देऊ नका, तो कांदा-लसणावरून कटकट करतो." मग, "बँकवाल्याला द्या. पण बँकवाल्याची बदली होते." असं करत त्यांनी सगळ्या मनुष्यजातीला एकदा आत घेतलं आणि एकदा बाहेर काढलं. शेवटी मुद्द्यावर आल्या. "आणि तुमच्याकडं फोन नाही. गिऱ्हाइकानं काय गच्चीवरून हाका मारायच्या? माझा नंबर द्या."

आमच्या ओळीत फोन एकट्या सरलाबाईंकडं. त्यावर भरतकामाचं झाकण असतं आणि झाकणावर त्यांचा हात. त्यांचा नंबर देणं म्हणजे घराची किल्ली देण्यासारखंच होतं, पण इलाज नव्हता.

आता जाहिरात. वर्तमानपत्रातली जाहिरात डिंडोलीत कोण वाचतो? पण केबलवर पिक्चर चालू असताना खाली जी अक्षरं सरकत जातात, ती मात्र सगळे वाचतात, हिरॉईन रडत असली तरी वाचतात. आमच्या भागातलं केबल कुंदन चालवतो. पोरगा मूळचा धुळ्याकडचा, पण बोलतो अर्धं गुजराती, अर्धं हिंदी आणि उरलं तर मराठी. त्याला मी मजकूर दिला. मिलमध्ये मराठी पत्र लिहायची वेळ आली की मलाच बोलावतात. ती वेळ फारशी येत नाही ही गोष्ट वेगळी, पण आली तर मलाच बोलावतात. मजकूर असा होता, शेवटी भाडं आणि सरलाबाईंचा नंबर:

"डिंडोलीत पूर्वाभिमुख, हवेशीर, निवांत वरचा मजला सुशिक्षित, सुसंस्कृत, निर्व्यसनी कुटुंबास भाड्याने देणे आहे. दारातून सूर्यनारायणाचे दर्शन घडते. लबाड व दलाल यांनी तसदी घेऊ नये."

कुंदन वाचून म्हणाला, "काका, इतना लंबा? नुसतं 'रूम-किचन खाली छे' लिहू ना."

"कुंदन," मी म्हणालो, "जागा रिकामी आहे हे कुणीही सांगेल. ती कुणाची आहे हे मजकुरातून कळलं पाहिजे."

आठवडाभर माझा सूर्यनारायण केबलवरून सरकत राहिला. गिऱ्हाईक एकही येईना. सरलाबाईंचा फोन मात्र वाजे. मला नंतर कळलं की त्या फोन करणाऱ्याची मुलाखत घेत. घरात माणसं किती, पाहुणे किती, मटण कधी, नवरा-बायकोचं भांडण होतं का, होत असेल तर कोणत्या भाषेत. एकानं म्हणे मध्येच विचारलं, "बाई, खोली बघायची की मुलगी?" त्यावर सरलाबाईंनी फोन आपटला.

फोन न करता सरळ दारात आला तो एकटा निंबा. नवागाममध्ये राहणारा, यंत्रमागावर कामाला, केसांत सुताचे धागे. बरोबर बायको, जयश्री नावाची, सातवा महिना लागलेली. "काका, आम्ही दोन माणसं, तिसरं येनार शे," तो म्हणाला. "आताचा घरवाला म्हणतो, पोर व्हायच्या आत खोली सोडा." पोरगा चांगला होता, पण जाहिरातीत 'सुशिक्षित' असं स्पष्ट म्हटलेलं होतं आणि मजकूर एकदा प्रसिद्ध झाला की मागं फिरता येत नाही. मी त्याला तसं समजावून सांगितलं. तो मान हलवून गेला. जयश्री जिन्याकडं बघत बघत गेली. त्या रात्री अनुसयेच्या भाजीत मीठ नव्हतं.

आणि मग वाल्मिकशेठ आले.

क्रीम रंगाचा सफारी, हातात चामडी पिशवी, स्कूटर चकचकीत. दारात उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ती जाहिरात ज्यांनी लिहिली, ते गृहस्थ आपणच का?"

मी म्हणालो, "हो. पण आपण दलाल असाल तर..."

"छे छे! दलाल काय लिहिणं ओळखणार? सूर्यनारायणाचं दर्शन! मी तर पिक्चर बघायचा सोडून तेवढंच बघत बसलो. म्हटलं, अशा माणसाची सेवा करायची."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला कोण दारातून परत पाठवील? मी त्यांना आत घेतलं, अनुसयेला चहा टाकायला सांगितला. शेठचं म्हणणं साधं होतं. माझ्याकडून त्यांना काही नको, भाडेकरू काय तो खुशीनं देईल. फक्त जिन्याच्या दाराची एक किल्ली त्यांच्याकडं असावी, म्हणजे मी मिलमध्ये असताना गिऱ्हाईक खोळंबणार नाही. मी किल्ली दिली. अनुसया कपबशा उचलताना म्हणाली, "हाऊ मानूस डोयाले डोया देत नही." मी म्हणालो, "मोठी माणसं नम्र असतात."

रविवारी शेठ गिऱ्हाइकं घेऊन यायला लागले. त्यांनी मला एकच सूचना केली. "गिऱ्हाइकासमोर आपण बोलू नका. मालक बोलला की गिऱ्हाईक घासाघीस करतं. आपण आपलं झाडांना पाणी घालत राहा." मला ते पटलं. मग दर रविवारी मी बनियन-पायजम्यावर फाटकापाशी नळी धरून उभा, आणि शेठ माणसांना वर घेऊन जात. माणसं खाली उतरताना माझ्याकडं बघून मान डोलावत. मीही डोलावी. एकदा एका चष्मेवाल्या गृहस्थांनी उतरताना माझ्या हातावर दोन रुपये ठेवले आणि म्हणाले, "लक्ष ठेवा हं, बाबा." मी चकित झालो. शेठ कानात म्हणाले, "शगुन आहे. शिकलेल्या लोकांत अशी पद्धत आहे." मी ते दोन रुपये देवापुढं ठेवले. चष्मेवाले बी.कॉम. होते, निर्व्यसनी होते, मला हवं होतं तसलं कुटुंब होतं. असं असताना जागा काही ठरेना. शेठ दर वेळी म्हणत, "विचार करतो म्हणालेत."

एक दिवस सरलाबाई भर दुपारी धापा टाकत आल्या. त्यांची बहीण पर्वत पाटियाला राहते. तिकडच्या केबलवर माझी जाहिरात लागते म्हणे.

"कुंदननं तिकडंही दिली असेल," मी म्हणालो. मला बरंच वाटलं.

"पण नंबर माझा नाही!" सरलाबाईंचा आवाज फुटला. "दुसऱ्याच कुणाचा आहे! आणि भाडं निम्मं!"

मी तडक पर्वत पाटियाला गेलो आणि सरलाबाईंच्या बहिणीच्या घरी एक अख्खा पिक्चर पाहिला. मध्यंतराच्या आधी आली. तोच पूर्वाभिमुख, तोच हवेशीर, तोच सूर्यनारायण. 'सुशिक्षित'च्या जागी 'कोणत्याही' घातलं होतं, म्हणजे 'कोणत्याही, सुसंस्कृत, निर्व्यसनी कुटुंबास', काही अर्थ लागतो का? आणि शेवटी मोठ्या तोंडानं, 'लबाड व दलाल यांनी तसदी घेऊ नये.' माझं रक्त तापलं. कुणाचं तरी घर भाड्यानं द्यायचंय, द्यावं. पण शब्द माझे! बहिणीच्या घरची मंडळी मला पाणी आणून देत होती आणि मी पडद्यावरच्या नायकाकडं बघून दात खात होतो.

त्या नंबरवर सरलाबाईंनी फोन लावला. एका पानाच्या टपरीवर वाजला. पानवाला म्हणाला, "मालक तो डिंडोली गया छे, बंगला देखाडवा."

"बघा," मी सरलाबाईंना म्हणालो, "त्या चोराचाही बंगला डिंडोलीतच आहे. म्हणजे जाहिरात तंतोतंत लागू पडली."

सरलाबाईंनी फोनवर झाकण घातलं आणि मला हात जोडले. त्यांना माझ्याइतका राग आला असेल असं मला वाटलं.

मी हे सगळं वाल्मिकशेठना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "साहित्यचोरी! सोडू नका. पोलिसात जा. रविवारी जा, रविवारी साहेब निवांत असतात."

मग मी रविवारी गिऱ्हाइकं शेठच्या स्वाधीन करून पोलीस चौकीत गेलो. जमादार कलिंगड खात होते. मी म्हणालो, "चोरी झाली आहे."

"शुं गयुं?"

"मजकूर."

त्यांनी बी थुंकली. "सोनानो के चांदीनो?"

मी कागदावर जाहिरात लिहून दिली. त्यांनी ती ओठ हलवत वाचली, 'सूर्यनारायण'पाशी दोनदा अडले. मग म्हणाले, "काका, घर तो त्यां ज छे ने?"

"घर जागेवर आहे."

"तो पछी चोरायुं शुं?" मग समजावणीच्या सुरात सांगितलं की जाहिरात लागते पर्वत पाटियाला, ती त्यांच्या हद्दीत नाही, आणि घर आहे त्यांच्या हद्दीत, पण ते चोरीला गेलेलं नाही. घर चोरीला गेलं की या. मला त्यांनी कलिंगडाची फोड दिली. मी ती अपमान म्हणून नाकारली, पण उन्हात चालताना पस्तावलो.

अखाजी आली. मुंबई-पुण्याकडचे जिला अक्षय तृतीया म्हणतात आणि एका सोन्याच्या मण्यावर उरकतात, ती आम्हा खानदेश्यांची अखाजी. आमच्याकडं ती पितरांची. पाण्यानं घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या, आमरस, पुरणपोळी करायची, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. पितर जेवला की घरातले जेवणार, त्याआधी कुणाच्या तोंडात घास नाही. पाटावर आहे तोवर तो माणूस नाही, आपला बापजादा आहे. आणि वर पुन्हा मुहूर्त असा की पंचांग बघायला नको. नवं काही करायचं तर अखाजीला.

आम्ही गावी जाणार होतो. शेठनाही मी तसं सांगून ठेवलं होतं. पण मिलच्या मालकानं ऐन वेळी रजा कापली आणि आम्ही इथंच राहिलो. पितर म्हणून नवागामच्या काशिनाथबाबांना सांगितलेलं होतं. सकाळी त्यांचा निरोप आला की दुसऱ्या घरी जेवण झालंय, आता पोटात जागा नाही. अनुसयेचं तोंड उतरलं. घागर भरलेली, रस काढलेला, आणि पितर नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. मी झाडांना पाणी घालत होतो, नळीसकट धावलो. दारात निंबा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्यानं भरलेला माठ. मागं जयश्री, हातात मिठाची पुडी आणि देवाची तसबीर.

"राम राम, बाबा," निंबा म्हणाला. "पहिली तारीखपासून जागा आपलीच. पन अखाजी सोडी कशी देऊ? म्हटलं, आज घागर ठेवून जातो."

"कसली घागर? कुणाची जागा?"

"मालकांनी दिली ना आम्हाले. वाल्मिकशेठनी. तुम्ही नव्हते तवय दाखवली." त्यानं माठ सावरला आणि जयश्रीला म्हणाला, "मी सांगे ना तुले, मालक मोठ्या मनाचे शेत. हाऊ वॉचमनच आडमुठा होता."

मी खाली स्वतःकडं पाहिलं. बनियन, पायजमा, हातात नळी. माझं सगळं मला एकदम दिसलं. दोन रुपयेसुद्धा दिसले.

निंबा जिना चढून गेला, तोच दुसरा माठ आला. विदर्भातले सुतार, मारुती त्यांचं नाव, बरोबर बायको; अखाजी त्यांच्याकडंही असते. "आमी पैसे देल्ले ना जी," ते शांतपणे म्हणाले आणि वर गेले. मग ऑटोरिक्षातून तांब्याचा हंडा घेऊन चष्मेवाले बी.कॉम. उतरले. वर तिघांची गाठ पडली आणि जे व्हायचं ते झालं. सगळे धडाधडा खाली आले आणि तिघांनी मिळून मला धरलं.

"हा सामील आहे," चष्मेवाले ओरडले. "दोन रुपये घेतले यानं माझ्याकडून! वॉचमन पाहिला आहे का कुठं, जो एका जागेत तिघांना सोडतो?"

"मी मालक आहे!" मी ओरडलो.

"कशावरून?"

मी आत गेलो आणि विजेचं बिल आणलं. बिल बिल्डरच्या नावावर होतं. नाव बदलायचा अर्ज मी कधीच दिलेला होता, पण वीज कंपनीतले म्हणतात सोसायटीचा दाखला आणा, आणि सोसायटीवाले म्हणतात विजेचं बिल आणा. चष्मेवाल्यांनी नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. फाटकापाशी जमलेल्या लोकांत कुजबूज झाली. इतक्या वर्षांत मी मिलमधली पेन्सिल घरी आणली नाही हो, आणि माझ्याच दारात माझ्याकडं लोक असे बघत होते! मला खरंच रडू यायला लागलं. मी नळी बंद केली, एवढंच सुचलं.

जयश्री पायरीवर बसली. तिनं गळ्यातली एकदाणी मोडून पैसे दिले होते. "आता आमीन कोठे जावानं?" ती म्हणाली, आणि ते ती मला नाही, पोटाला म्हणाल्यासारखं म्हणाली. नवागामची खोली पहिल्या तारखेला सुटणार होती, दुसरी कुठं मिळाली नव्हती.

चष्मेवाले आपला हंडा आणायला जिन्याकडं निघाले. तेव्हा अनुसया स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदर खोचलेला, हात पुरणाचे. "कोनी हंडा उचलाना नही," ती म्हणाली. "अखाजीना दिन शे. भरेल घागर आज घरना बाहेर जात नही. पितर उपाशी जातीन."

"पण बाई, आमचे पैसे..."

"पैसा बी येथीन. बठा." तिच्या आवाजात असं काही होतं की बी.कॉम. माणूससुद्धा पायरीवर बसला.

आणि बघा, त्याच वेळी ती चकचकीत स्कूटर आमच्या फाटकाशी थांबली. वाल्मिकशेठ! मागं एक नवीन गिऱ्हाईक. त्यांच्या हिशेबानं आम्ही गावी होतो, घर मोकळं होतं. भाडेकरू पहिल्या तारखेला येतील, तोवर आपण पसार, असा बेत. बिचाऱ्याला एवढंच ठाऊक नव्हतं की आमच्याकडच्या माणसाला पहिल्या तारखेचं घर मिळालं तरी तो अखाजीला पाणी ठेवून जाणार. आमच्यात राहून आमची भाषा शिकला, सण शिकला नाही.

शेठनी फाटकातून पायरीवर बसलेली मंडळी पाहिली आणि स्कूटर वळवायला घेतली. मी पुढं झेपावलो. पण माझ्याआधी अनुसया फाटकात. हातात पाण्याचा तांब्या.

"या, या!" ती केवढ्यानं म्हणाली. "पितर उना! मन्हा सासरा उना!"

लोकांनी वाट करून दिली. पितराला कोण अडवणार? आणि पितर परत तरी कसा जाणार? शेठ काही बोलायच्या आत त्यांच्या पायांवर पाणी पडलं होतं, बूट उतरले होते आणि सरलाबाई ते बूट आणि स्कूटरची किल्ली मांडीवर घेऊन उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्या होत्या. नवीन गिऱ्हाईक गर्दी बघून रस्त्यावरूनच निघून गेलं. शेठला पाटावर बसवलं. मी मुठी आवळून उभा. अनुसयेनं माझ्या हातात गंधाची वाटी दिली.

"मी? याला?"

"घरना कर्ता कोन? लावा गंध. पाया पडा."

काय सांगू! ज्यानं माझं घर तिघांना देऊन टाकलं, माझे शब्द चोरले, मला वॉचमन केलं, त्याच्या कपाळी मी गंध लावलं आणि त्याच्या पाया पडलो. शेठनी सवयीनं आशीर्वादही दिला. मंडळी गोल करून उभी होती आणि सगळ्यांचं लक्ष आता ताटावर.

वाढणं सुरू झालं. पुरणपोळी, तूप, रस, सांजोरी, भजी, कुरडई. शेठ घाईघाईनं जेवले आणि उठायला गेले. मारुतींनी खांद्यावर नुसता हात ठेवला, सुताराचा हात. "बसा ना जी. उठताय कायले?" अनुसयेनं पुन्हा पोळी वाढली. "पितरनी पानात टाकं ते घरले दोष लागस." शेठनी ती संपवली. जयश्रीनं रस वाढला. निंबानं भजी वाढली. चष्मेवाल्यांनी पुढं होऊन वाटीभर तूप ओतलं आणि म्हणाले, "शगुन आहे." शेठच्या सफारीचं पहिलं बटण सुटलं, मग दुसरं. घाम मिशांतून रसात पडत होता.

"पुरे," शेठ म्हणाले. "तृप्त झालो."

"पितर मनापासून तृप्त व्हाले पाहिजे," अनुसया पोळी हातात धरून म्हणाली. "आमना घरमा असा नियम शे, पितर पानवर बठीसन खोटं बोलस नही. बोलना ते तेले पुन्हा पहिलेपासून जेवनं पडस."

असा नियम मी जन्मात ऐकलेला नव्हता. माझ्या आईनं ऐकलेला नव्हता. पण शेठ त्या पोळीकडं बघत होते.

"हाई घर कोनं?" अनुसयेनं विचारलं.

"यांचं," शेठ माझ्याकडं बोट करून म्हणाले.

"मोठ्यानं."

"यांचं! सुकदेवरावांचं!"

फाटकातल्या लोकांना ते नीट ऐकू गेलं. माझी मान आपोआप ताठ झाली. "आणि जाहिरात कुणाची?" मी विचारलं. अनुसयेनं माझ्याकडं रागानं पाहिलं, पण माझ्या दृष्टीनं तो प्रश्न महत्त्वाचा होता.

"तुमचीच," शेठ कण्हत म्हणाले. "मी फक्त एक शब्द बदलला."

"तोच चुकला!" मी म्हणालो.

पुढं शेठ आपण होऊन बोलले. चामडी पिशवी उघडली. मारुतींचे आणि चष्मेवाल्यांचे पैसे त्यात होते. निंबाचे नव्हते, ते सगळ्यांत आधी घेतलेले, खर्चून गेले. तेवढ्यात सरलाबाईंनी आधीच फोन करून बोलावलेले जमादार आले. त्यांनी ताटावर रसानं माखलेला शेठ पाहिला, मग मला पाहिलं.

"शुं काका, मजकूर मळ्यो?"

"मिळाला," मी म्हणालो.

जमादार शेठचा हात धरायला वाकले, तर अनुसया मध्ये. पितराला विडा दिल्याशिवाय उठवायचं नाही. मग जमादारही बसले, सांजोरी खाल्ली, शेठला विडा मिळाला आणि दोघं त्याच स्कूटरवरून चौकीकडं गेले. स्कूटर जमादार चालवत होते, कारण शेठना वाकता येत नव्हतं. जाताना जमादार म्हणाले, पितराला दक्षिणा देतात ना, ती राहिली. मी दोन रुपये दिले. देवापुढं ठेवलेले तेच.

त्या दिवशी सगळे आमच्याकडं जेवले. भरलेली भांडी वर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मारुती येऊन माठ घेऊन गेले, चष्मेवाले हंडा घेऊन गेले आणि माफी न मागता गेले. निंबा आला तेव्हा मी मिलला निघालो होतो. तो वर गेला आणि माठ डोक्यावर घेऊन खाली उतरायला लागला. जयश्री फाटकाबाहेर उभी होती, आत आली नाही.

"ठेव तो माठ," अनुसया म्हणाली. "भरेल घागर घरना बाहेर जात नही."

मी घड्याळ बांधत म्हणालो, "तो नियम कालचा होता. आज अखाजी नाही."

"नियम मी सांगस तोच."

मला राग आला. घर माझं, मजकूर माझा, 'सुशिक्षित' हा शब्द मी स्वतः विचार करून घातलेला. मी निंबाकडं पाहिलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर तो माठ डोक्यावर घेऊन थांबला होता आणि आम्हा दोघांतून कुणाचं ऐकायचं हे त्याला कळत नव्हतं. माठ डचमळत होता, पाणी त्याच्या कानावरून ओघळत होतं. बाहेर जयश्रीनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"आता उभा काय राहिलास?" मी खेकसलो. "माझा जिना ओला होतोय. वर जा!"

पोरगी झाली. आता ती गच्चीच्या तुकड्यात रांगते आणि मी नळी धरून उभा असलो की कठड्यातून खाली बघून हाका मारते. पर्वत पाटियाच्या केबलवाल्याला ती पट्टी काढायला कुणी सांगितलं नसावं, कारण तिथं माझा सूर्यनारायण अजून सरकतो आणि मधूनच एखादं गिऱ्हाईक आमच्या फाटकाशी येतं. परवाच एक सुशिक्षित, सुसंस्कृत गृहस्थ आले. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मालक आहेत का?"

आतून अनुसया हसली. मी नळीचं पाणी जास्वंदीकडं वळवलं.

"मालक अखाजीला जेवून गेले, ते परत आले नाहीत," मी म्हणालो. "मी इथला वॉचमन. जागा गेली."